दुसरा अभ्रा

रविवारी दुपारी आमटीभात खाऊन आडवं झालं की झोप आणि जाग यांच्या मधे एक अरुंद पट्टा लागतो. तिथे पंख्याची घरघर ऐकू येते, आईचं फोनवरचं बोलणंही ऐकू येतं, पण कुणी काही विचारलं तर 'हं' याच्या पुढे उत्तर देता येत नाही. मी सध्या त्या पट्ट्यात आहे. डावा गाल उशीवर. उशीला पांढरा, कोरा अभ्रा. आणि कुणीतरी माझ्या डोक्याखालून तो अभ्रा हळूहळू ओढतंय.

"उचल बरं डोकं," आवाज येतो. "गोटे भरले काय त्याच्यात?"

मी डोकं उचलतो. पलंगाच्या कडेला बेबीताई आहेत.

बेबीताई निंभोरकर. वय एकाहत्तर, राहणार परतवाडा. मार्चपासून राहणार कुठे, ते माहीत नाही. मार्चमध्ये त्या गेल्या.

आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो. त्यांना मी ओळखतो ते व्हॉट्सॅपच्या गोल फोटोवरून, त्यामुळे स्वप्नातही त्या छातीपर्यंतच आहेत. खाली थेट पलंग सुरू होतो. त्यांना त्याचं काही वाटत नाहीसं दिसतं. मी विषय काढत नाही.

"माह्यं पार्सल कुठी आहे, इंद्रजिता?"

"येईल, बेबीताई."

"केव्हा?"

"पावसामुळे जरा उशीर झाला असेल."

"फेब्रुवारीत?"

मी 'हं' म्हणतो.

इथे थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझा घोटा मोडला. महिनाभर प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या मी भरतकाम शिकलो, कारण घरात हाताला लागेल अशी दुसरी वस्तू म्हणजे आईचा सुईदोऱ्याचा डबाच होता. मग एका भरतकामाच्या ग्रुपमध्ये शिरलो. तिथे पद्धत अशी की विकायचं नाही, अदलाबदल करायची. मी रुमालावर स्कूटरचा सायलेन्सर भरला, धुरासकट, आणि तो बेबीताईंच्या वाट्याला गेला. त्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडून पोपटाची पिशवी आली आणि सोबत चिठ्ठी: 'टाके ठीक. विषय वाया गेलेला. पुढचं पाठव.' मी पुढचं पाठवलं, कुकरची शिट्टी. त्यांनी मोर पाठवला. असं साताऱ्याहून परतवाड्याला आणि परतवाड्याहून साताऱ्याला पोस्टानं जात-येत राहिलं. तिकडे सगळं आणून द्यायचे त्यांचे पोस्टमन, गुलाबराव.

जानेवारीत त्यांनी एकाच कापडाचे दोन अभ्रे शिवून पाठवले. एक त्यांनी भरलेला, एक कोरा. 'कोरा तू भर. हुबेहूब. मग तुझा मला पाठव, माझा तू ठेव. एक उशी तिथे, एक इथे, जोडी एकच.' फोटोबिटो काही नाही. फोटोत टाका चपटा दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

कोरा मी रिंगमध्ये लावायला घेतला. भरलेला छान घडी घालून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. आमच्या घरात घडी घालून कागदात गुंडाळलेली कुठलीही वस्तू आहेर समजली जाते. आईनं तो तिच्या ऑफिसातल्या बाईंच्या वास्तुशांतीला देऊन टाकला.

हे मी बेबीताईंना सांगितलं नाही. 'टाकलंय पोस्टात' असं सांगितलं.

"चाल," त्या म्हणतात. "पोस्टात जाऊन पाहू."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं उतरतो आणि तिकडे पोस्टच आहे. लाकडी काउंटर, डिंकाची वाटी, भिंतीवर आमच्याच बैठकीतलं कॅलेंडर. बेबीताई काउंटरच्या पलीकडे जाऊन उभ्या राहतात. तिथे त्यांना बरं पडतं, छातीखालचा प्रश्न येत नाही.

कोपऱ्यात खाकी कपड्यातला एक माणूस जमिनीवर बसून पिशवी रिकामी करतोय. गुलाबरावांचा फोटो मी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांना चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी पोस्टाचा गोल शिक्का आहे. तारीख नीट उमटलेली नाही.

"काय करतायत ते?" मी विचारतो.

"शोधून रायला."

"काय?"

"तुह्यं पार्सल."

गुलाबराव पिशवीतून एकेक गोष्ट काढून बाजूला ठेवतात. माझा सायलेन्सर. माझी कुकरची शिट्टी. कुणाची तरी भांड्यांची गोणी. एक अख्खं सीताफळाचं झाड, मुळांसकट. पिशवी तेवढीच भरलेली राहते. ते परत आत हात घालतात.

"बाई," शिक्का बोलतो, "पोराला नंबर विचारा ना. नंबर असला की सापडते."

"नंबर दे रे."

"हरवला," मी म्हणतो. हे मी फेब्रुवारीतही म्हणालो होतो. तेव्हा एवढं अवघड गेलं नव्हतं. तेव्हा समोर कुणी पिशवी रिकामी करत नव्हतं.

"पाह्यलं?" बेबीताई मला म्हणतात. "तुह्या सायलेन्सरपासून एक वस्तू हरवली नव्हती यानं. अन् नेमकी हेच. मी म्हटलं त्याले तोंडावर, गुलाबराव, तुम्ही म्हातारे झाले. नाही झेपत त सोडून द्या."

गुलाबराव मान खाली घालून एक शिडी बाहेर काढतात.

खरं म्हणजे हे मला माहीत होतं. बेबीताई गेल्यावर मी फोन केला तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली होती, "आई शेवटपर्यंत विचारत होती, पार्सल आलं का. गुलाबकाकांशी तर अबोलाच धरला तिनं. ते मातीला आले होते, पण फाटकाच्या आत नाही आले." मी त्यावर 'अरेरे' म्हणालो. जणू गावातली लाईट गेली असं कुणी सांगितलं.

"बेबीताई."

"हाव."

"त्यांना थांबायला सांगा."

"काहून?"

"पिशवीत नाहीये ते."

"मंग कुठी आहे?"

आता आम्ही एका मंगल कार्यालयात आहोत. सनई वाजतेय आणि पंगतीतून एक कागदात गुंडाळलेली घडी पुढे सरकतेय. जिच्या हातात येते ती बाई म्हणते 'अगं, कशाला, उगीच,' आणि पुढचीला देते. उघडून कुणीच बघत नाही. पंगत दरवाज्यातून बाहेर गेलीय, रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉलमध्ये गेलीय.

"तो तुमचा अभ्रा," मी म्हणतो. "आईनं वास्तुशांतीला दिला."

"मी भरलेला?"

"हो. मी मागायला गेलो होतो. त्या बाईंनी बारशाला दिला होता. बारशावाल्यांनी निवृत्तीच्या समारंभाला. पुढचं त्यांना आठवत नव्हतं."

बेबीताई पंगतीकडे बघत राहतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. हसतायत.

"बाप्पा! मी चिखलदऱ्याच्या पुढं गेली नाही जन्मात. अन् अभ्रा पाह्य कसा हिंडून रायला!"

मीही हसतो. मला वाटतं, झालं. एवढंच होतं. मी सहा महिने उगाच घाबरत होतो.

"अन् तुह्यावाला?" त्या विचारतात.

"काय?"

"तुवा भरलेला. जो तू पोस्टात टाकला."

पंगत थांबते. सनईवालाही आमच्याकडे बघतो.

"टाकला नाही. भरलाच नाही. कोराच माझ्या उशीवर आहे. बघून भरायला तुमचा नव्हता, आणि तो कुठे गेला ते सांगायची लाज वाटली. पोस्टात टाकला म्हटलं की थोडे दिवस मिळतील असं वाटलं. तेवढ्यात सापडेल, मग भरून पाठवीन. असा हिशोब होता."

सनई नाही. हॉल नाही. परतवाड्यातलं घर आहे, ओटा, फाटक, फाटकाबाहेर स्टँडवर लावलेली सायकल. हे घर मी कधी पाहिलेलं नाही, पण तुळशीचा डबा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आत गॅसवर चहा उकळतोय आणि त्याकडे कुणी बघत नाहीये.

"म्हंजे गुलाबरावानं हरवलं नाही," बेबीताई म्हणतात.

"नाही."

"त्याच्याजवळ आलंच नव्हतं."

"नाही."

मला वाटलं होतं, त्या माझ्यावर ओरडतील. मी तशी तयारीही ठेवली होती, एक विनोद अर्धा जुळवून ठेवला होता. पण त्या माझ्याकडे बघतच नाहीत. फाटकाकडे बघतायत.

"बारा वर्षं," त्या म्हणतात. "रोज सव्वाअकराले. पत्र असो नसो, तो थांबे, मी कप देऊ. बिनसाखरेचा. त्याच्या बायकोनं सांगतलं होतं मले, साखर नका देऊ म्हणून. अन् मंग तुह्यं पार्सल नाही आलं. मी कप देणं बंद केलं. तो घंटी वाजवे अन् मी आतून म्हणो, काय आहे ते पेटीत टाका. उभा राहे जरासा. मंग जाये."

"बेबीताई, माझी चूक आहे ती."

"तुही त आहेच रे पोट्ट्या. पण अबोला त मी धरला नं." त्या गॅसकडे वळतात. चहा उतू जातो. "तू सांगतलं असतं त मी दुसरा भरून धाडला असता. चार दिवसाचं काम."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी मी तुह्या मायले फोन करून दोन शब्द सुनावले असते अन् तिची माही ओळख झाली असती."

मी ओट्यावर बसतो. मग लक्षात येतं की मीही आता छातीपर्यंतच आहे, पण हे सांगण्यासारखी वेळ नाही.

"आता तो अभ्रा भर," त्या म्हणतात.

"पाठवू कुठे? तुम्ही तर..."

"मले कायले? मले उशीच नाही. गुलाबरावाच्या नावानं पाठव. परतवाडा पोस्ट."

"म्हणजे ते स्वतःच स्वतःला नेऊन देणार?"

"हाव. देऊ दे. घंटी वाजवू दे आपल्याच दारात. अन् आत चिठ्ठी टाक. खरं खरं लिही. पार्सल हरवलं नव्हतं, बेबीताईले ठाऊक नव्हतं, असं लिही." बोट उगारतात. "अन् विनोद करू नको. एकही."

"एकही नाही?"

"इंद्रजिता."

"बरं."

मग मी ते विचारतो जे जानेवारीपासून कुणाला विचारता आलं नव्हतं. "पण नक्षी काय होती? मी एकदाच पाहिली. मला लाह्या आठवतात."

"लाह्या!" आता मात्र त्या ओरडतात. "मोहाची फुलं होती ते! पहाटे झाडाखाली पडतात तशी. गाठीच्या टाक्यानं भरली एकेक, दोन वेढ्यांची. खाली टोपली, गव्हाच्या टाक्याची. अन् हा मले लाह्या म्हणून रायला!"

"किती फुलं होती?"

"मी मोजून भरतो काय? पडलेली फुलं कोणी मोजते? इकडे ये. आडवा हो."

पलंग ओट्यावरच आहे. त्या माझं डोकं धरून उशीवर ठेवतात, डावा गाल खाली. हात खरखरीत आहे, बोटाला शिवणाचं टोपण आहे, ते कानाला गार लागतं.

"आता हालू नको."

गालाखाली सुई चालू होते. कापडातून वर येताना टक, दोरा ओढला की सर्र. टोचत नाही. प्रत्येक गाठ आवळली की गालाला छोटा खडा दाबल्यासारखं होतं. मला विचारायचं असतं की गुलाबराव आत आले का, चहा पुन्हा ठेवला का. पण बोललो तर गाल हलेल. टक. सर्र. फाटकापाशी सायकलची घंटी वाजते, एकदाच, आणि बेबीताई सुई न थांबवता मोठ्यानं म्हणतात,

"या नं, आत या..."

"अरे ऊठ, साडेचार वाजले."

पंखा आहे. आई दारात आहे. उशीवरचा अभ्रा कोराच आहे, थोडी लाळ सोडली तर. मी उठून बसतो आणि आई माझ्या तोंडाकडे बघत राहते.

"कशावर झोपला होतास रे? चाळणीवर?"

मी बाथरूमच्या आरशात बघतो. डाव्या गालावर वळ उठलेत. चादरीचे उठतात तसले लांबलांब नाहीत. बारीक गोल खड्डे आहेत, प्रत्येकाला वेढा, काही विखुरलेले, काही एकमेकांना टेकलेले. खाली जबड्याच्या हाडाशी टोपली आहे, गव्हाच्या लोंब्यांसारखे तिरके टाके. गालावर ते उलटं उमटलंय, म्हणून आरशात सुलटं दिसतंय.

वळ गालावर दहा-पंधरा मिनिटं टिकतात. मी अभ्रा उशीवरून सोलून घेतो, बेसिनच्या कडेवर पसरतो आणि पेन्सिलीनं ठिपके द्यायला लागतो. आरशात बघायचं, कापडावर ठिपका. कानाजवळची फुलं आधी, ती लवकर विरतायत.

"काय चाललंय?" आई दारातून विचारते. "इंद्रा? काय झालं? बोल की."

मी हात वर करून तिला थांबवतो. बोलता येत नाही. टोपली झाली. एकोणतीस फुलं झाली. डोळ्यांतून काहीतरी यायला लागलंय, आणि ते गालावरून गेलं तर मधली फुलं फुगतील, म्हणून मी मान उजवीकडे कलती करून ते नाकावरून पलीकडे जाऊ देतोय, आणि तोंड अजिबात न हलवता तिसावं फूल काढतोय.