उलटलेली मेंढी

नर कोकरू नर होतं ते आईच्या पोटात, फार लवकर. महिना-सव्वा महिना झाला, की त्याचे इवलेसे अंडकोष संप्रेरक सोडू लागतात आणि पुढचं नराचं शरीर त्याच्यावर घडतं. सत्तरच्या दशकात कोल्हापुरात मी यावर प्रबंध लिहीत होते. वडिलांनी बजावलं होतं: उन्हाळ्यापर्यंत प्रबंध पुरा कर, नाहीतर गडहिंग्लजचं स्थळ पक्कं.

खाटिकखान्यात गर्भ मिळत, पण मेंढी कधी फळली हे कोण सांगणार? माझ्या कामात चार दिवसांची चूक म्हणजे सगळंच खोटं. म्हणून विभागाने आठ मेंढ्या घेऊन कोडोलीकडच्या एका धनगरिणीच्या कळपात सोडल्या. मेंढ्याच्या, म्हणजे नराच्या, छातीला गेरू फासायचा. ज्या मेंढीची पाठ लाल, ती फळली. मी दिवसाआड एस.टी.ने जाऊन वहीत तारीख टिपायची. पुढे ठरल्या दिवशी एकेक मेंढी कापून गर्भ तपासायचा.

चार मेंढ्यांची नोंद झाली आणि दिवाळी आली. स्थळाकडची माणसं मला बघायला येणार, म्हणून आईनं घरीच अडकवून ठेवलं. पाडवा झाल्यावर गेले, तर सगळा कळप शिंगांपासून शेपटापर्यंत लालभडक. पाडव्याला जनावरं रंगवतात हे जन्मापासून बघत आलेली मी, आणि नेमका गेरूच निवडला होता. स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

"तुज्या मेंढरास्नी जास्त लावलाय," धनगरीण कौतुकानं म्हणाली. माझा चेहरा बघून तिनं कारण विचारलं. मी सांगितलं. तर ती एकेका मेंढीवर हात ठेवत बोलू लागली. ही धनतेरसला, ही अमावास्येला, ही काल सकाळी. शेवटी माझ्या वहीतल्या, कोजागिरीच्या रविवारी टिपलेल्या मेंढीपाशी आली.

"हिचा वहीतला दिस खोड. ही पाडव्याला उलटली."

उलटली म्हणजे गर्भ राहिला नाही, ती पुन्हा माजावर आली आणि पुन्हा फळली. मी वही दाखवली. दुसरी खूण मला दिसली नव्हती, हेही सांगितलं.

"लाल पाठीवर लाल दिसतंय व्हय? मी हितं हाय, तुजी वही न्हाय."

मला राग आला. अक्षरशत्रू बाई मला शास्त्र शिकवते, असं वाटलं, खोटं कशाला बोलू? वहीतल्या चार तारखा धरून काम रेटलं असतं तर प्रबंध वेळेत झाला असता. मार्गदर्शकांनीही तेच सुचवलं. पण एकदा शंका शिरली की मला चैन पडत नाही. एकही मेंढी कापायची नाही, सगळ्या विऊ द्यायच्या आणि त्या दिवसापासून मेंढीचे पाच महिने मागे मोजायचे, असं ठरवलं. वडिलांना सांगितलं, या उन्हाळ्यात प्रबंध होणार नाही आणि लग्नही होणार नाही. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

फाल्गुनात मेंढ्या व्यायला लागल्या. सात मेंढ्यांचे तिनं सांगितलेले दिवस एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकाने जुळले. माझ्या वहीतली ती मेंढी मात्र हलेना. वहीप्रमाणे दिवस भरले, वर आठवडा गेला, मग दुसरा. सतराव्या दिवशी ती व्याली, म्हणजे पाडव्यापासून मोजावं तर अगदी वेळेवर. वहीवर विसंबून तिला कापलं असतं, तर सतरा दिवसांनी लहान गर्भ मोठा समजून मी अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

त्या वर्षीची कोकरं नवजातांच्या प्रकरणात आली. गर्भाचं काम पुढच्या हंगामात केलं, तारखा तिला विचारून. प्रबंधात तसंच लिहिलं: तारखा मेंढपाळ स्त्रीने सांगितलेल्या, संशोधिकेची एक नोंद चुकीची. "एका अडाणी बाईच्या आठवणीवर प्रबंध?" म्हणत मार्गदर्शकांनी ते वाक्य तीनदा खोडलं. मी तीनदा पुन्हा टाइप केलं. चौथ्यांदा त्यांनी सही केली.

तोवर स्थळ हातचं गेलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या दिवाळीत त्या बाईला मी मनात खोटी ठरवलं होतं, याची मात्र अजून लाज वाटते.