रंगूनहून आलेली कुंडी

कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतल्या वनस्पती तपासणी केंद्रात आम्ही दोघेच मराठी. दत्तात्रय माझ्या आधी लागला होता. परदेशातून आलेल्या धान्याला विषारी वायूची धुरी देणं आणि आत सोडायचा नाही तो माल भट्टीत जाळणं, हे आमचं काम.

पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालायची, कडेला वाळूच्या लांब पिशव्या दाबायच्या, मग वायू सोडायचा. ताडपत्रीला एक चुणी राहिली तरी दत्तात्रय सगळं पुन्हा उचलायला लावी. मी कुरकुरलो की म्हणे, "तुझी कंबर दुखते. किड्याची दुखत नाही."

घरीसुद्धा भाजीचं पान न् पान उलटून खालची बाजू बघे. सरोजवहिनी चिडवायच्या, "अहो, पालक आहे तो, चोर नाही!"

येता-जाता जलपर्णीने बुजलेली तळी दिसत. तो म्हणे, "कुणीतरी हौसेनं आणलेलं फूल हे. आणणारा गेला, तळं मेलं."

सदुसष्ट साली ब्रह्मदेशातून परतणाऱ्यांच्या जहाजाने त्याची धाकटी बहीण कालिंदी आली. नवरा तिकडेच वारला होता. अंगावरचे दागिने निघताना तिथल्या अधिकाऱ्यांनी काढून घेतले होते. एक पत्र्याची ट्रंक, आणि कडेवर मूल घ्यावं तशी तुळशीची कुंडी.

"केवढा वाळलास रे दादा! वहिनी जेवायला घालत नाही का?"

"आता तू घाल," तो हसला. मग त्याची नजर कुंडीवर गेली. हसू गेलं.

"कालिंदी, ही खाली ठेव. परदेशची माती आत नेता येत नाही."

तिने कुंडी घट्ट धरली. "माझ्या बाळाची माती आहे ही. त्याला पुरलं तिथंच तुळस लावली होती. तीच मातीसकट उपटून आणली. दुसरं काही राहिलं नाही माझ्याजवळ."

सेनबाबू आमचे साहेब. मऊ माणूस. त्यांनी ऐकलं आणि टोपी उचलली. "दत्तोबाबू, मी जरा चहा पिऊन येतो. वेळ लागेल." कुंडी गुपचूप आत जाऊ द्यावी म्हणून ते गेले, हे आम्हाला कळलं.

दत्तात्रयने तुळशीचं एकेक पान उलटून पाहिलं. पानं स्वच्छ होती. मातीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. "जाळावी लागेल," तो म्हणाला.

"निदान गंगेत सोड."

"गंगेचं पाणी शेतातच जातं."

"आपल्यात तान्ह्या बाळाला जाळत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून पुरलं होतं त्याला. आज मामा जाळणार?"

कुंडी त्याने काढून घेतली नाही. हात पुढे करून उभा राहिला. शेवटी तिनेच ती त्याच्या हातांत दिली.

भट्टीचं काम त्याने मला करू दिलं नाही. मातीचा गोळा बोटांनी फोडला. ढेकूळ राहिलं तर मधोमध कच्चं राहतं. त्याने एकही ढेकूळ ठेवलं नाही. तुळस आत गेली. मग लोखंडी पत्र्यावर पसरून माती आत सरकवली, आणि लाल होईपर्यंत तो ती परतत राहिला.

सेनबाबू परत आले. म्हणाले, "आता यात जिवंत काही नाही. देऊन टाक तिला."

माती निवल्यावर त्याने ती एका डब्यात भरून तिच्यापुढे धरली. तिने चिमूटभर घेऊन चोळली.

"ही माती नाही. वीट आहे."

डबा तिने घेतला नाही.

जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून ती त्याच्याकडेच राहिली. स्वयंपाक करी, भाऊबीजेला ओवाळी. पण 'दादा' अशी हाक मी पुन्हा ऐकली नाही. "पान वाढलंय," एवढंच. त्या घरात तुळस कुणी लावली नाही. सरोजवहिनींनी एकदा विषय काढला, तर दोघंही उठून गेली.

तो डबा दत्तात्रयच्या खाटेखाली असे.

पंचाहत्तर साली छातीच्या दुखण्याने तो गेला. मी पोचलो तेव्हा त्याला जमिनीवर घेतलं होतं. तोंडात तुळशीपत्र ठेवायचं, आणि घरात तुळस नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

कालिंदी उठली. अनवाणीच शेजारच्या बंगाली बाईंकडे गेली आणि एक पान घेऊन आली. ते धुतलं. उलटलं. उजेडाकडे धरून खालची बाजू नीट पाहिली.

"स्वच्छ आहे, दादा," ती म्हणाली, आणि पान त्याच्या तोंडात ठेवलं.