कोणी न मागितलेला हिशेब

देवाने माझ्या साडूंना कान दिले ते गाणं ऐकायला नव्हे, गळती ऐकायला. कांचघर मोहल्ल्यात राहणारे हे गृहस्थ एका कारखान्यात ऊर्जा बचतीचं काम बघतात. रविवारी यंत्रं बंद आणि नुसता कॉम्प्रेसर चालू असला, की साबणाच्या पाण्याची बादली आणि रंगाचा ब्रश घेऊन ते हवेच्या पाइपांना फेस फासत हिंडतात. जिथे फुगा येईल तिथे हवा गळते, आणि गळकी हवा म्हणजे फुकट जाळलेली वीज. असा फुगा दिसला की त्यांना जो आनंद होतो, तो मला नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. एकदा ऐन दिवाळीत बडा फुहाऱ्याच्या बाजारात एका साडीच्या दुकानात "भैया, इतने बल्ब काहे को?" म्हणत त्यांनी अर्धे दिवे मालवायला लावले. मेहुणीने निळी म्हणून घेतलेली साडी घरी आल्यावर जांभळी निघाली. "रंग गेला असंन, वीज तर वाचली!" साडू म्हणाले. ती साडी मेहुणी अजून नेसते, आणि नेसताना अजून भांडते.

एवढं आम्ही पचवलं होतं. पण मग त्यांच्या कारखान्याने एक योजना स्वीकारली. आपल्या धुराड्यातून किती कर्बवायू हवेत जातो, हे कोणी न विचारता आपणच जाहीर करायचं. सक्ती नाही, दंड नाही. काम साडूंकडे आलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. "आपण होऊन सांगण्यात जी मजा आहे नं भैया, ती पकडल्या जाण्यात नाही," असं म्हणत ते शेजाऱ्यांना स्वतःचं घोरणंसुद्धा जाहीर करू लागले.

नेमकं त्याच सुमारास त्यांच्या मुलीला, मीनलला, सिहोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा मीनलला मनापासून आवडला होता. त्याच्या वडिलांची घरामागेच डाळ मिल, माणसं रीतभातीची. आम्ही सगळे घर बघायला निघालो तेव्हा मेहुणीने नवऱ्याला बजावलं, "विचारलं तेवढंच बोलसाल. माझी शपथ आहे तुम्हाला." पोहे आले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि साडूंनी बशी खाली ठेवली.

"एक गोष्ट आम्ही आपण होऊन सांगून देतो. आमची मुलगी गीझर लावते अन् विसरून जाते. पंख्याचंही तसंच. आमच्या घरातली सगळ्यात मोठी गळती तीच."

मीनलचा चेहरा पडला. मेहुणीने डोळे मिटून घेतले. मी पोह्यातली मिरची चावली आणि ठसकासुद्धा दाबून धरला. साडू मात्र थांबेनात. "सुधारणा करून राहिलो, पण फरक नाही पडला. खोटं काहून सांगू?"

तेवढ्यात साडूंनी कान टवकारले. मागच्या मिलमधून बारीक सुंऽऽ असा आवाज येत होता. "अच्छा! तुमचीही हवा गळून राहिली!" असं ओरडत त्यांनी न्हाणीघरातला साबण उचलला आणि मिलकडे धाव घेतली. मुलाचे वडील त्यांच्या मागे धावले. स्थळ हातचं गेलं, असं मी मनाशी म्हटलं. मीनल पदराच्या टोकाशी चाळा करत रडू आवरत होती.

थोड्या वेळाने दोघे कोपरापर्यंत फेसाने माखून, हसत हसत परतले. मुलाचे वडील बायकोला म्हणाले, "जो बाप पोरीचं इतकं खरं सांगते, त्याच्या घरची पोर डोळे मिटून करावी." मग मीनलकडे वळून म्हणाले, "अन् बेटा, आम्हीही सांगून देतो. आमचा पोरगा नळ उघडा ठेवते." मीनल रडता रडता खुदकन हसली.

लग्न थाटात झालं. परवा सकाळी मी साडूंकडे गेलो, तर टेबलावर विजेचं बिल पडलेलं. मीनल सासरी गेल्यापासून ते चांगलंच उतरलं होतं. एरवी एवढ्या बचतीवर त्यांनी आळीभर पेढे वाटले असते. आज त्यांनी ते घडी करून बाजूला सारलं. अंघोळी कधीच्या आटोपल्या होत्या आणि गीझरचा लाल दिवा मात्र जळत होता. मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या, भैया," ते हळूच म्हणाले. "तिच्या अंघोळीची वेळ आहे."

मग दाराकडे एकदा बघून घेत म्हणाले, "हे मात्र जाहीर नाही करायचं."