पेजेची पहिली वाटी

भंडाऱ्याच्या आमच्या फ्लॅटचं दार संध्याकाळी उघडलं की आधी भाताचा वास येतो, आणि क्षणभर वाटतं, खिडकीपलीकडे अजून गावातल्या आमच्या धानाच्या बांध्याच आहेत. लहानपणी आई भाताचा गंज तिरपा करून वरचं दाट पाणी, म्हणजे पेज, काढायची. तिच्यात मीठ टाकून पहिली वाटी शेतातून आलेल्या बाबांना द्यायची. ते डोळे मिटून प्यायचे. वाफेत त्यांचा चेहरा विरघळल्यासारखा दिसायचा.

बाबा आता नाहीत. आई माझ्याकडे असते आणि भात अजूनही गंजातच, भरपूर पाण्यात शिजवते. परवा ऑफिसातून आले तर पेज उतू जाऊन शेगडी, ओटा, सगळं चिकट झालेलं. माझं डोकंच फिरलं.

"इतकं पाणी कायले टाकतं, आई? पेज पितं कोण आता?"

तिने शांतपणे बाबांची काशाची वाटी भरली.

"पानी टाकताना थोडंच माहीत असते, कोन थकून येईन ते," म्हणाली, आणि वाटी माझ्यापुढे धरली.

खांद्यावरची पर्सही न काढता मी ती तोंडाला लावली. डोळे आपोआप मिटले.