एकाच नावाच्या दोघी

माझ्या शेजारणीने मला कामाला लावलं तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. डाव्या डोळ्याने तिला जवळजवळ दिसत नव्हतं, उजव्याने फक्त मोठी अक्षरं. इथे व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या घरांच्या मध्ये एक कुंपण आणि एक मेपल आहे. पानं गोळा करताना तिने विचारलं, "तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस काय?" कंपन्यांच्या ग्राहकांच्या याद्या साफ करते, मी सांगितलं. एकाच माणसाची नोंद दोनदा झाली असेल तर एक बाजूला काढते.

"मग तू मला चालशील," ती म्हणाली.

तिची पणजी व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडहून व्हर्जिनियात आली. तिची काही मुलं लहानपणीच गेली आणि इथून दीड तासावरच्या एका खेड्यात, चर्चच्या आवारात पुरली गेली. त्यांच्यावर नावाचा दगड नव्हता. शेजारणीला एक दगड बसवायचा होता आणि त्यावर पणजीची सगळी मुलं हवी होती, जगलेली आणि गेलेली, जन्माच्या क्रमाने, नाव आणि तारखांसकट. पाथरवटाला महिनाअखेर यादी हवी होती. एकदा कोरलं की बदल नाही.

"माझ्यामागे हे कोणी करणार नाही. मुलाला गोल्फमधून वेळ नाही. राहिलं ते राहिलंच," ती म्हणाली. बोलता बोलता तिचे हात पानं पिशवीत कोंबतच होते.

ती केमिस्ट्रीची शिक्षिका होती आणि ते तिच्या खोक्यात दिसत होतं. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याची कार्डं, एका मुलाला एक. खात्रीचं ते शाईने, अंदाज पेन्सिलीने, माहिती कुठून मिळाली ते मागच्या बाजूला. खोडायचं काहीच नाही, चुकलं तर एक रेघ. दोन वेगवेगळे कागद तेच सांगत नाहीत तोवर शाई लागायची नाही. मी मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांबरोबर काम केलंय. त्यांच्यापैकी निम्म्यांना तरी तिच्या वर्गात बसवायला हवं होतं.

एका कार्डावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, 'दात येणं'. मला ते पटेना. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या डॉक्टरकाकांना बोलावलं. मूळचे नागपूरचे, इथे चाळीस वर्षं मुलांचे डॉक्टर, आता रिटायर्ड.

"दात येऊन कोणी मरत नाही गं," ते भिंग लावून मला म्हणाले. मग तिला इंग्रजीत समजावलं. अंगावरचं तोडून वरचं दूध सुरू व्हायचं, उन्हाळ्यात ते नासायचं, मुलांना जुलाब लागायचे. दात त्याच सुमाराला येतात, म्हणून दोष दातांना. "उकळलेलं पाणी, मीठ, साखर. बहुतेक मुलं तेवढ्यावर वाचली असती."

"तिन्ही गोष्टी त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या," शेजारीण म्हणाली.

"होत्या. माहीत नव्हतं कोणाला."

ती मला म्हणाली, "लिही. पेन्सिलीने. डॉक्टर, तुम्ही एकच कागद आहात."

काका घरी जाईपर्यंत हसत होते. "माझ्या हाताखाली रेसिडेंट डॉक्टर असायला हवी होती यार, ही बाई!"

यादी द्यायला दोन दिवस उरले तेव्हा तिने मला सगळी मुलं मोठ्याने वाचायला सांगितली. ती डोळे मिटून बोटं मोजत होती.

"आठ," मी म्हटलं. "पाच मोठी झाली, तीन गेली."

"नऊ."

तिच्याकडे जुन्या जनगणनेचं पान होतं. त्या वेळी सरकारी माणूस प्रत्येक आईला दोन आकडे विचारायचा, किती झाली आणि किती हयात आहेत. पणजीने सांगितलं होतं, नऊ आणि पाच.

"तोवर म्हातारी झाली होती. चुकली असेल," मी म्हटलं.

"ती कोंबड्या मोजत नव्हती."

मी लॅपटॉप उघडला. काढून टाकलेल्या नोंदी वेगळ्या ठेवायची माझी सवय आहे. नववी त्यातच होती. चर्चमधून शेवटचं पाकीट आलं तेव्हा शेजारणीला वाचता येत नव्हतं, ते मीच वाचलं होतं. त्यात बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी होत्या. मुलीचं नाव एक, आईबाप तेच, मध्ये अडीच वर्षं. कारकुनाने तारीख चुकवली असं मी ठरवलं आणि दोन्ही एक करून टाकल्या. त्याच नावाच्या चौदा महिन्यांच्या मुलीला पुरल्याची नोंदही होती. पण आमची मुलगी तर मोठी झाली, लग्न करून शेजारणीची आजी झाली. म्हणजे पुरलेली दुसऱ्या घरातली, आडनाव सारखं असेल. मला शंकाही आली नव्हती.

"गेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला ठेवायचे?" मी विचारलं.

"अर्थात. ते पणजीच्या आईचं नाव. ते घरात राहायला हवं होतं. तुमच्यात नाही ठेवत?"

आमच्यात उलटं करतात, मी सांगितलं. माझ्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून आजोबांचं नाव दगडावरून ठेवलं आणि नाक टोचलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे काही नेण्यासारखं नाही.

"उपयोग झाला?"

"ब्याण्णव वर्षं जगले."

"शाबास. आणि त्या तिघांची नावं?"

मला माहीत नव्हती. आमच्या घरात कोणालाच माहीत नाहीत, कोणी कधी विचारलीही नव्हती. मी स्क्रीनकडे वळले.

"सॉरी," मी म्हटलं. "मी तिला काढूनच टाकलं होतं."

"काढलेलं जपून ठेवलं होतंस. आता दुसरा कागद शोध."

एवढं झाल्यावरही तिला दुसरा कागद हवा होता. पुरल्याच्या नोंदीत आईचं नाव नव्हतं. ती म्हणाली, कडेला बघ, त्या चर्चचा कारकून कडेला लिहायचा. मी पान मोठं केलं. कडेला बारीक अक्षरात होतं, वडील लोहार. त्या खेड्यात त्या आडनावाचे बाकी सगळे शेतकरी होते, हे तिच्या खोक्यातल्या जनगणनेच्या पानांवरून मी अर्ध्या तासात पडताळून पाहिलं. लोहार एकच, तिचा पणजोबा.

"शाई," ती म्हणाली. मी नवं कार्ड घेतलं आणि शाईने लिहिलं. तिने ते डोळ्याला चिकटवून पाहिलं, दिसलं नाही, तरी आपल्या हाताने खोक्यात तिसऱ्या जागी लावलं.

यादी मी त्याच दुपारी पाठवली. पाथरवटाचा फोन आला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तिसरं आणि पाचवं नाव एकच आलंय. एक काढतो ना?"

"नको. त्या दोघी आहेत," मी म्हटलं.

"लोक म्हणतील, मीच चुकून दोनदा कोरलं."

शेजारणीने फोन ओढून घेतला. "म्हणू देत. मग तारखा वाचतील."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "अक्षरं किती खोल कोरणार, ते विचार. मला बोटांनी वाचायचीत."