दोरखोलीची नोंद

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात मोबाईल फोनचे अँटेना बसवावेत आणि ते बाहेरून कोणाला दिसू नयेत, या प्रस्तावाचा मसुदा मी लिहिला होता. सोबतचा नकाशाही मीच काढला होता. पुढे जे घडले त्याला त्या नकाशातला एक शब्द कारण झाला, म्हणून आधी नकाशाबद्दल सांगतो.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात एका शाळेत गणित आणि भूगोल शिकवत असे आणि आमच्या चर्चच्या पंचमंडळाचा चिटणीस होतो. नकाशा काढताना दिशा, प्रमाण आणि सूची प्रथम लिहावी, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देई. त्यानंतर आणखी एक सूचना तोंडी देत असे. ज्याला आधार आहे तेच नकाशात घाला. आधार नसेल तर ती जागा कोरी सोडा. त्या सूचनेत काही उणे आहे, असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

तो काळ बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमाने डोक्यावर घिरट्या घालू लागली तेव्हाचा. गावात फोन आले होते, पण आवाज यायचा नाही. नागपूरला नोकरीला गेलेल्या मुलाशी बोलायचे तर माणसे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर जाऊन उभी राहत, आणि तिथेही एका कानावर हात दाबून ओरडावे लागे. अशात गोंदियाहून मोबाईल कंपनीचा एक प्रतिनिधी आला. मोकळ्या जागेत उंच लोखंडी मनोरा उभारायला विमानांमुळे परवानगी मिळणे कठीण आहे, असे त्याने सांगितले. आमचे चर्च टेकाडावर आहे आणि त्याचा घंटेचा मनोरा आसपासच्या कोणत्याही इमारतीहून उंच आहे. मनोऱ्याच्या माथ्याला चारी बाजूंनी लाकडी झडपा होत्या. त्या काढून त्याच रंगाच्या फायबरच्या झडपा लावायच्या आणि आत अँटेना ठेवायचे, अशी त्याची योजना होती.

“बाहर से कुछ दिखेगा ही नहीं, सर जी,” तो म्हणाला. “चिड़िया को भी पता नहीं चलेगा।”

मिळणाऱ्या भाड्यातून छप्पर नवे करता येणार होते. त्या छपराची गरज खरी होती. पावसाळ्यात व्यासपीठावर पाणी टपके, आणि पाळकसाहेब उपदेश देता देता पवित्र शास्त्र एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत. मंडळीतल्या बहुतेकांनी ऐकताक्षणी होकार दिला.

अडचण एकाच ठिकाणी होती, आणि ती अडचण आहे हे मी स्वतःलाही सांगितले नव्हते. वरच्या अँटेनासाठी खाली बॅटऱ्यांची कपाटे लागणार होती. त्यांची तार मनोऱ्यातून सरळ खाली यायला हवी होती, म्हणजे घंटेचा दोर जिथे उतरतो त्या खोलीत. तिला आम्ही दोरखोली म्हणत असू. त्या खोलीत घंटा वाजवणारी बाई राहत होती. तिचा नवरा चर्चचा चौकीदार होता. तो वारल्यावर कोणी काही न सांगता तिने दुसऱ्या दिवशी दोर हाती घेतला, आणि तेव्हापासून घंटा तीच वाजवत होती. खोलीत तिची खाट, पत्र्याची पेटी आणि चूल होती. दाराशी दोडक्याचा वेल मनोऱ्याच्या दगडांवर चढवलेला होता.

कंपनीच्या अर्जात एक प्रश्न होता : तळमजल्यावरील खोली रिकामी आहे काय? मी ठराववही उघडली. खोली चौकीदारास ‘सेवेत असेपर्यंत’ दिल्याचा जुना ठराव होता. चौकीदाराच्या मृत्यूनंतर ती कोणास दिल्याचा ठराव नव्हता. मी अर्जात ‘होय’ लिहिले आणि नकाशात त्या चौकोनावर सुवाच्य अक्षरात लिहिले : दोरखोली, रिकामी.

ती तिथे राहते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दर रविवारी तिच्या पहिल्या टोल्यावर मी माझे घड्याळ लावत असे.

सभेपूर्वी आठ दिवस प्रस्ताव सूचनाफलकावर लावावा, असा आमचा नियम आहे. मी सभेच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर नकाशा फलकावर लावला आणि घरी गेलो. फलक चर्चच्या ओसरीत आहे. ओसरी रोज सकाळी ती झाडत असे.

तिला वाचायला मी शिकवले होते. प्रौढ साक्षरतेचे वर्ग शाळेत संध्याकाळी भरत, तेव्हा ती नवऱ्यासह येई. नवऱ्याने महिन्याभरात सोडले, ती शेवटपर्यंत आली. आमच्याकडच्या बोलीत बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असेच बोलतात. मी तिच्या पाटीवरचे प्रत्येक ‘जातो’ पुसून ‘जाते’ लिहायला लावत असे. ती लिहायची, आणि उठताना म्हणायची, “जातो मंग गुरुजी.”

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती माझ्या वर्गाच्या दारात उभी होती. मी आत बोलावले. ती आली नाही.

“गुरुजी, तो कागद तुमी लिवला का?”

मी हो म्हणालो.

“रिकामी म्हंजे कोनी नाई, असंच न?”

“हो.”

“मंग मी कुठी झोपतो?”

मी तिला ठरावाची गोष्ट समजावून सांगितली. आवाज वर्गात असतो तसाच ठेवला होता. नवऱ्याच्या नावे खोली कशी होती, ती मुदत कशी संपली, नव्या नोंदीअभावी खोली कागदोपत्री रिकामी कशी ठरते, हे सारे मी पायरीपायरीने सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

“म्हंजे वहीत मी नाई.”

“नाही.”

“तुमच्या हजेरीत त होतो मी. रोज ‘हजर’ म्हनाले लावत होते तुमी मले.”

एवढे बोलून ती गेली. तिने माझ्याकडे काहीही मागितले नाही. मागितले असते तर मला उत्तर देता आले असते. पंचमंडळाकडे अर्ज करा, असे मी म्हणालो असतो.

मी लगेच पाळकसाहेबांकडे गेलो. ते मनाने मऊ होते आणि म्हणूनच निर्णय लांबवत. तिच्यासाठी काहीतरी करू, असे ते म्हणाले. तिची भाची तिरोड्याला आहे, तिला विचारून पाहू, असेही म्हणाले. नकाशा दुरुस्त करावा का, हे मी विचारले, तेव्हा ते कचरले. अर्ज कंपनीकडे गेलेला होता. आता दुरुस्ती केली तर आपण खोटे लिहिले असे दिसेल, असे त्यांना वाटत होते. मलाही तेच वाटत होते, फक्त त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी त्याला दुसरे नाव दिले होते.

गुरुवारी कंपनीची दोन माणसे मापे घ्यायला आली. त्यांनी तिची पेटी आणि खाट ओसरीत आणून ठेवली आणि फरशीवर खडूने चौकोन आखले. खाटेच्या जागी एक मोठा, चुलीच्या जागी एक लहान. मी शाळेतून पोहोचलो तेव्हा कंपनीची माणसे निघून गेली होती आणि बाई खोली झाडत होती. केरसुणी तिने खडूच्या रेघांच्या आतून आणि बाहेरून फिरवली, पण एकही रेघ पुसू दिली नाही. नंतर खाट तिने पुन्हा आत आणली आणि त्या चौकोनात नेमकी बसवली.

“बरोबर माप घेतलं त्यायनं,” ती म्हणाली.

शनिवारी मी सूचनाफलकावरून नकाशा काढण्यासाठी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. नियमाप्रमाणे सभेपर्यंत नकाशा फलकावरच राहायला हवा होता. नियमाचा आधार घ्यायची मला सवय होती, पण त्या दिवशी मी त्याच्या आड उभा होतो.

रविवारी घंटा वाजेल की नाही, याची मला खात्री नव्हती. अंगणात उभा राहून घड्याळाकडे पाहत राहिलो. घंटा ठरल्या वेळी झाली, नेहमीइतकेच टोले, नेहमीच्याच अंतराने. मला त्या आवाजाने धीर यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्या दिवशी मी घड्याळ लावले नाही.

उपासना संपल्यावर मंडळी बसून राहिली. प्रतिनिधी पुढच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. ती बाई सर्वांत मागे, दोरखोलीच्या दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी होती. पाळकसाहेबांनी प्रस्ताव वाचला. झडपांचा रंग तोच राहील, क्रूसाला हात लागणार नाही, घंटा जागेवरच राहील आणि खालून बटण दाबून वाजवता येईल, असे प्रतिनिधीने हिंदीत समजावले. कोणीतरी विचारले, बोडीच्या पाळीवर जावे लागणार नाही ना? “घर में खटिया पे लेटे-लेटे बात करो,” तो म्हणाला, आणि लोक हसले.

मग त्याने पाळकसाहेबांना विचारले, “कमरा तो खाली है ना? कागज में यही लिखा है।”

आमचे ज्येष्ठ पंच रेल्वेतून निवृत्त झालेले होते आणि वेळ वाया गेलेला त्यांना चालत नसे. ते बसल्या जागेवरून म्हणाले की आठवड्यात खोली मोकळी करून देऊ, बाईची व्यवस्था तिरोड्याला होऊन जाईल. ते हे वाईट बुद्धीने म्हणाले नाहीत. कोणीही मागे वळून पाहिले नाही. मी पाहिले. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती, वर्गात पुढच्या शब्दाची वाट पाहावी तशी.

पाळकसाहेबांनी कोणाची हरकत आहे का, असे विचारले. मी उभा राहिलो. चिटणिसाने हरकत घ्यायची नसते. पण आपल्या नोंदीतली चूक मतदानापूर्वी सांगण्याचा त्याला अधिकार आहे. तो अधिकार त्याचे कर्तव्यही आहे, हे मला त्या क्षणी उभे राहता राहता कळले.

“नकाशात चूक आहे,” मी म्हणालो. “ती माझी आहे. दोरखोली रिकामी नाही. तिथे एक व्यक्ती राहते, आणि हे मला लिहिताना माहीत होते.”

ज्येष्ठ पंच माझ्याकडे वळले.

“गुरुजी, एक गणित चुकलं म्हणून शाळाच बंद करून राहिले का तुम्ही?”

“शाळा बंद करा असे मी म्हणत नाही. गणित पुन्हा सोडवू, एवढेच म्हणतो.”

“आन् छप्पर?”

छपराचे पैसे कुठून येतील हे मला ठाऊक नाही, असे मी सांगितले. कपाटे पाळकांच्या खोलीत ठेवता येतील का, असे मी विचारले. पाळकसाहेबांनी मान डोलावली. ठेवता येतील, ते म्हणाले. पण प्रतिनिधीने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि तार वळवून आणावी लागेल, भिंत फोडावी लागेल, वर विचारावे लागेल, असे सांगितले. त्याचा आवाज अजून गोड होता, पण कागद त्याने पिशवीत परत ठेवले. सही झाली नाही.

तो परत आला नाही. दोन महिन्यांनी मुख्य रस्त्यावरच्या राईस मिलच्या गच्चीवर अँटेना उभे राहिले, उघडे, सर्वांना दिसतील असे. आमच्या गावात फोन लागू लागले. चर्चचे छप्पर मात्र आणखी चार पावसाळे गळत राहिले. उपदेशाच्या वेळी व्यासपीठाजवळ बादली ठेवावी लागे, आणि थेंबाचा आवाज झाला की काही डोळे माझ्या बाकाकडे वळत. ‘गुरुजींनं टावर घालवला’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले. ते खोटे नव्हते, म्हणून मी ते कधी दुरुस्त केले नाही.

सांगायचे राहिले ते त्या रविवारचेच आहे. सभा मोडल्यावर लोक बोलत बोलत बाहेर गेले. मी फलकावरचा नकाशा काढला, मेजावर पसरला आणि ‘रिकामी’ या शब्दावर सरळ रेघ मारून बाजूला आद्याक्षरे लिहिली. चूक खोडताना ती वाचता आली पाहिजे, आणि कोणी खोडली ते कळले पाहिजे. हेही मी मुलांना शिकवत असे. त्या जागी काय लिहावे, याचा विचार करत होतो, तोच ती दोर बांधून बाहेर आली आणि मेजाशी थांबली. मी पेन तिच्यापुढे धरला.

तिने पेन घेतला नाही लगेच. आधी हात पदराला पुसले. मग चौकोनात वाकून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढले. कितीतरी वर्षांत तिने लिहिले नसावे. ‘य’ दोनदा गिरवला. लिहून झाल्यावर तिने पेन माझ्या हाती दिला आणि मी वाचण्याची वाट पाहत उभी राहिली.

पुढच्या बैठकीत तिच्या नावे ठराव झाला, आणि तो नकाशा ठराववहीत त्या पानाला चिकटवला आहे. दोरखोलीच्या चौकोनात खोडलेल्या शब्दाखाली तिच्या मोठ्या, वर जात गेलेल्या अक्षरात लिहिले आहे : मी रायतो.

मी ते वाचले, आणि पेनाचे टोपण लावले.