चोराच्या पुढे पळणारी मैना

किस्से कोणी जमवत नाही. घोडेगावच्या स्टँडवर तीन म्हातारे रोज एकाच बाकावर बसले की ते आपोआप साचतात, नळाखाली पाणी साचावं तसे. आमच्याकडे तर अख्खा पिक्चर साचला!

बाकावर मी, म्हणजे रिटायर कारकून. कापड दुकानदार शांतिलाल. आणि महाळुंगे पडवळचे तात्या. तात्यांची घोडी मैना. बैलगाड्यांच्या शर्यतीत ती बैलांच्या पुढे पळायची. एकदा शांतिलालने मोबाइलवर जुना काळा-पांढरा इंग्रजी पिक्चर लावला. हॅटवाला गुराखी घोड्यावरून चोर शोधतो. चोरी झाली की गातो, खून झाला की गातो, चोर सापडला की मग तर गातोच.

तात्या म्हणाले, "येवढं तर मी बी करीन. त्याच्या घोड्यापरीस माझी मैना देखणी हाय!"

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांचा मुलगा संतोष मैनाला विकायला निघाला होता. "म्हातारी झाली ती. नुसतं बांधून काय करायचं?"

त्या दिवशी तात्यांनी घरी जाऊन सुनावलं, "पिक्चरमधी काम करनारी घोडी कुनी इकत नसतं!"

संतोषने अट घातली. यात्रेत पिक्चर दाखवा. लोक शेवटापर्यंत थांबले तर घोडी राहील, उठून गेले तर गिऱ्हाईक तिथंच उभं असेल. शूटिंगही त्यानेच केलं, मोबाइल उभा धरून.

"आडवा धर रे!" शांतिलाल रोज ओरडायचा.

"तुमच्या पिक्चरला उभाच बास हाय!"

*

नायकाला हॅट हवी. शांतिलालने आणली. तात्यांनी ती हातात धरून बघितली आणि परत दिली. "देवळात बी मी टोपी काढत न्हाई."

मग हॅट चोराला, म्हणजे शांतिलालला. पण तो पिस्तूल धरेना. "खेळण्यातलं असलं तरी नको, भाऊसाहेब. आम्हा जैनांत चालत नाही."

"मग लोकांना धाक कशाचा दाखवणार?" मी विचारलं.

तो दुकानात जाऊन कापड मोजायचा लोखंडी मीटर घेऊन आला. जगातला पहिला डाकू, जो हात वर करायला लावतो आणि बाहीचं माप घेतल्यासारखा दिसतो!

*

गाणं मी लिहिलं. बैलचोरी होते आणि नायक घोडीवर बसून गातो. तात्या भजनात मुरलेले. एकेक ओळ चार-चार वेळा घोळून झाल्याशिवाय पुढची नाही. शांतिलाल बैल घेऊन पळाला, दमला, बैल बांधून चहा पिऊन आला. तात्यांचं धृपदच चाललेलं.

"अहो तात्या, एवढ्यात मी कळंबला बैल विकून आलो असतो!"

"चोर पळाल्यावर गायचं न्हाई, तर कवा गायचं?"

रस्त्यावरून एकजण ओरडला, "म्हातारचळ लागलाय ह्यास्नी!"

तात्या गाणं थांबवून म्हणाले, "जा, तुला तिकीट न्हाई!" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

*

फौजदार मी. साक्षीदार हिरावहिनी, तात्यांच्या मंडळी. मी विचारायचं, "चोर कोणी पाहिला?" त्यांनी घाबरून गप्प राहायचं. एवढाच सीन.

मी विचारलं. वहिनींनी शांतिलालकडे बोट केलं. "ह्यो काय, हितंच उभाय! सकाळधरनं बघतीय मी."

पुन्हा सीन घेतला. पुन्हा बोट! "खोटं बोलायचं आसंल तर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई कुठून आणणार? गुन्हा दुसऱ्याच सीनला उघडकीस आला. तपास तरीही पुढे चालू ठेवला. गाणी शिल्लक होती.

*

पाठलाग शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर ठेवला होता. शांतिलाल बैलगाडीतून पळणार, मागून मैनावर तात्या. जोर यावा म्हणून शर्यतीत वाजते तशी हलगी लावली. हलगी वाजली मात्र, मैना उधळली ती बैलांना मागे टाकून थेट शर्यत संपते त्या निशाणाजवळ जाऊन थांबली. जन्मभर बैलांच्या पुढे पळालेली. तिला चोर वगैरे कोण सांगणार?

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. संतोष मोबाइल धरून खदाखदा हसत होता. "तात्या, चोर तुमच्या मागं लागलाय!"

"मग लागू दे! माझी घोडी कधी कुनाच्या मागं पळाली न्हाई, ती आता म्हातारपनी पळंल?"

सीन तसाच ठेवला.

*

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पिक्चर लागला. खिडक्यांना शांतिलालच्या दुकानातलं काळं कापड. लोक शिट्ट्या मारत होते, पण बसले होते. मैना बाहेर लिंबाला बांधलेली, शेजारी गिऱ्हाईक.

पाठलागाचा सीन आला. स्पीकरवर हलगी कडाडली. बाहेरून गिऱ्हाइकाचा आवाज आला, "आरं, घोडी गेली!"

मैना दावं तोडून घाटाकडे सुटली होती. अख्खा हॉल तिच्या मागे धावला. आत उरल्या एकट्या हिरावहिनी.

घाटावर पोचलो तर मैना निशाणाजवळ ऐटीत उभी. सगळ्यांच्या पुढे. गिऱ्हाइकाने जाऊन तुटलेलं दावं धरलं.

संतोष धापा टाकत म्हणाला, "तात्या, हॉल रिकामा झाला. आट मोडली."

"पिक्चर कुठं संपलाय?" तात्यांनी गिऱ्हाइकाच्या हातातलं दावं काढून घेतलं, मैनावर टांग टाकली आणि शेवटचं गाणं सुरू केलं. धृपदासकट. ते किती लांब आहे हे मलाच माहीत, मीच लिहिलेलं.

भर उन्हात गाव उभं होतं. एकही माणूस हलला नाही.

संतोषने खिशातून मोबाइल काढला. आडवा धरला.

"ओ पावणं," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "जरा बाजूला सरा. फ्रेममधी येताय."